सेन्सरला गप्प करू नका



आजचा विषय तुम्हाला जरा वेगळा वाटेल. आमची इंडक्शनची शेगडी बंद पडली, त्याबद्दल लिहितेय. पण विषय शेगडीपुरता नाही, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

चातुर्मासात आमच्याकडे पक्कं पाणी दिवसातून दोनदा होतं. उकळलेल्या पाण्याची मर्यादा उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार आणि पावसाळ्यात तीनच प्रहर, म्हणजे साधारण नऊ तास. त्यामुळे पहाटे एक गंज आणि दुपारी एक गंज. हे काम मी इंडक्शनवर टाकते, म्हणजे गॅस स्वयंपाकाला मोकळा राहतो. (विजेला तेउकाय मानावं की नाही, यावर आपल्याकडे दोन मतं आहेत. त्या वादात आज पडत नाही.)

मोठ्या जाऊबाईंची अठाई चालू होती. तिसऱ्या दिवशी दुपारी गंज ठेवला, बटण दाबलं, शेगडी दोनदा पिकली आणि पडद्यावर एक अक्षर नि एक आकडा लुकलुकू लागला. पाणी गॅसवर झालं, कुणाचं अडलं नाही. पण पुढचे चार दिवस घरात जी चर्चा झाली, ती सांगण्यासारखी आहे.

आधी मला जे करता आलं ते केलं. प्लग काढला, अर्धा तास थंड होऊ दिली. गंजाचं बूड सपाट आहे का पाहिलं, कारण मध्ये फुगलेलं किंवा वाकलेलं बूड काचेला नीट टेकत नाही आणि खालच्या सेन्सरला खरी उष्णता कळत नाही. मागची हवेची जाळी भिंतीला चिकटली नाही ना, तेही बघितलं. मग शेगडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं. हे पुस्तक जपून ठेवा, कारण एकाच आकड्याचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा असतो. शेजारणीच्या शेगडीवरून आपला निदान होत नाही. आमच्या पुस्तकात त्या आकड्यापुढे लिहिलं होतं, तापमान सेन्सरमध्ये बिघाड.

इथून पुढे माझं काम नव्हतं. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज काही वेळ साठून राहते, म्हणून शेगडी घरी खोलू नये. मेकॅनिक भाऊंना बोलावलं आणि शेजारी उभी राहून बघितलं.

काच काढली की खाली तांब्याच्या तारेचं मोठं वेटोळं दिसतं. त्याच्या बरोबर मध्यभागी मुगाच्या दाण्याएवढा एक मणी, वरून पांढरी पेस्ट लावून काचेला खालून टेकवलेला. हाच सेन्सर, थर्मिस्टर म्हणतात. तो गरम झाला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो, त्यावरून आतल्या बोर्डाला कळतं की वरचं भांडं किती तापलंय. आमचा मणी मीटरवर काहीच दाखवत नव्हता, म्हणजे आतून तुटलेला. आणि बोर्डाच्या कडेला दोन-तीन मेलेली झुरळं पडलेली. पावसाळ्यात त्यांना ऊब हवी असते, जाळीतून आत शिरतात.

भाऊ म्हणाले, "काकू, सेन्सर इथे भेटत नाही. एक रजिस्टन्स टाकून देतो, आत्ता चालू होऊन जाईल. वीस रुपयांचं काम. आणि झुरळांसाठी आत स्प्रे मारून देतो."

मी विचारलं, रजिस्टन्स टाकल्यावर बोर्डाला काय कळेल? ते प्रामाणिकपणे म्हणाले, "त्याला वाटेल भांडं नेहमी थंडच आहे."

मैत्रिणींनो, मी तिथेच नाही म्हटलं. घरात सगळ्यांना ते जास्तीचं वाटलं. हे म्हणाले, "आपण पाणीच तर उकळतो, त्याला काय होतंय?" खरं आहे, पाणी शंभर अंशांच्या फार पुढे जात नाही. पण शेगडी फक्त पाण्यासाठी राहते का? सून त्यावर पुऱ्या तळते. एखाद दिवशी पाणी आटून गंज कोरडा पडतो, आपण देरासरातून यायला उशीर होतो. अशा वेळी भांडं तापत राहतं, तेल आधी धुरावतं आणि मग पेटतं. ते होऊ नये म्हणून तो मणी तिथे बसवलेला आहे. आत दुसराही एक सेन्सर असतो, पण तो शेगडीचे स्वतःचे भाग तापू नयेत म्हणून. कढईतल्या तेलाची काळजी मधल्या मण्यालाच.

दशवैकालिक सूत्रात चालणं, उभं राहणं, बसणं, झोपणं, खाणं, बोलणं, ही सगळी कामं जयणेने करायला सांगितली आहेत. जयणा म्हणजे लक्ष ठेवून, कुणाला इजा न होऊ देता करणं. आपण पाणी गाळतो, धान्य निवडतो, चूल पेटवण्याआधी पुंजणी फिरवतो. मग जी वस्तू आपल्या वतीने लक्ष ठेवते, तिला खोटं सांगून गप्प बसवणं हे जयणेत कसं बसेल? माझ्या मते हा सरळ प्रमाद आहे. उद्या सुनेचा हात भाजला तर मी काय म्हणणार, वीस रुपयांत झालं होतं म्हणून?

स्प्रेलाही नाही म्हटलं. मेलेल्या जीवांसाठी मिच्छामि दुक्कडम् म्हटलं आणि चूक स्वतःकडे घेतली. सांडलेलं दूध जाळीपाशी सुकलेलं होतं, त्यानेच ती आली असणार. आता रोजचा नियम केलाय. वापर झाल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग काढायचा नाही, कारण तो आतली उष्णता बाहेर टाकत असतो. मग थंड काच ओल्या फडक्याने आणि नंतर कोरड्याने पुसायची, पूर्ण थंड झाल्यावर सुती कापड झाकायचं. वापरण्याआधी कापड काढून जाळीवरून पुंजणी फिरवायची. शेगडी ओट्यावर सिंकपासून लांब, कोरड्या जागी. आत जीव जाऊच नये, म्हणजे मारायचा प्रश्न येत नाही.

सेन्सर नागपूरहून मागवला, चार दिवस लागले. नवा मणी बसवण्याआधी भाऊंनी मीटर लावला, ८७ किलोओहम. मग तो दोन बोटांत धरला आणि आकडा बघता बघता ७०च्या खाली आला. नुसत्या बोटांच्या उबेने! ह्यांनीही ते बघितलं आणि मग काही बोलले नाहीत. सेन्सरचे ६० रुपये, मजुरी २५०. एकूण ३१०. नवी शेगडी २,४०० रुपयांची. हिशेब तुम्हीच करा.

भाऊंना मी दोष देत नाही. गिऱ्हाईकाला आजच्या आज आणि स्वस्तात हवं असतं, सुटा भाग गावात मिळत नाही, मग माणूस जुगाड करतो. दोष सुटा भाग न पुरवणाऱ्यांचा आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणंही आहेत. चांगलं केलं. पण पोर्टलवर माहिती असून भागत नाही, मणी गोंदियाच्या दुकानात मिळायला हवा. २०२३ मध्ये सरकारच्याच ईईएसएल कंपनीने देशभर २० लाख इंडक्शन शेगड्या देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. आपल्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, विजेवरचा स्वयंपाक वाढणार हे दिसतंच आहे. या लाखो शेगड्यांतले मणी कधी ना कधी तुटतील. तेव्हा खेड्यातल्या बाईला साठ रुपयांचा भाग मिळणार, की वीस रुपयांचा रजिस्टन्स? विकणाऱ्याने शेगडीबरोबर सेन्सरही ठेवावा, एवढी तरी सक्ती हवी असं मला वाटतं.

तोपर्यंत आपण एवढं करू शकतो. दुरुस्तीच्या वेळी शेजारी उभं राहायचं, काय बदललं ते विचारायचं, जुना भाग मागून घ्यायचा. आणि "सेन्सर बायपास करून देतो" असं कुणी म्हणालं, तर शेगडी तशीच बंद ठेवायची. पाणी गॅसवरही उकळतं.

जाऊबाईंचं पारणं त्याच आठवड्यात सुखरूप झालं. आठव्या दिवसाचं पाणी मात्र त्यांनी हट्टाने दुरुस्त केलेल्या शेगडीवर ठेवायला लावलं. म्हणाल्या, "तिचंही पारणं होऊ दे."

लिहिण्यात काही अविनय झाला असेल तर मिच्छामि दुक्कडम्.