फी भरायच्या आधी हे तर उघडून पाहा!

सोयाबीन विकलं की आपल्याकडे बऱ्याच घरांत एक विषय निघतो. पोट्ट्याले पुण्याला वेबसाइटच्या क्लासला पाठवायचं का? फी, खोलीभाडं, मेस, सगळाच खर्च. पोट्टीचा तर विषयच निघत नाही. दोस्तांनो, बाबांनी खिशात हात घालायच्या आधी आपण एवढं पाहायला पाहिजे, की तिथलं किती मूर्तिजापुरात बसून फुकटात शिकता येतं? सुरुवातीचं तर जवळपास सगळंच येतं.

मोबाइलमध्ये पन्नास लिंक सेव्ह करून कोणी डेव्हलपर होत नाही. चार ठिकाणं बस झाली.

पहिलं, आयआयटी मुंबईचं ‘स्पोकन ट्युटोरियल’. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, त्यातले बरेच मराठीत. डाउनलोड करून ठेवा, नेट गेलं तरी अभ्यास थांबत नाही. अर्ध्या स्क्रीनवर धडा, अर्ध्यावर आपलं काम, ही त्यांची पद्धत.

दुसरं, २०१४ पासून चालू असलेलं ‘फ्रीकोडकॅम्प’. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्येच लिहून घेतं, चूक लगेच दाखवतं. प्रमाणपत्रही मोफत.

तिसरं, मोझिलानं २००५ मध्ये सुरू केलेलं ‘एमडीएन’. ते पाठ करायचं नसतं. शब्दकोशासारखं अडलं की उघडायचं. आजकाल कोड एआयही लिहून देतो. पण ‘ही ओळ काय करते?’ असं मुलाखतीत विचारलं, तर उत्तर आपल्यालाच द्यायचं असते ना!

चौथं, ‘गिटहब पेजेस’. बनवलेली साधी साइट इथं फुकटात जगासमोर ठेवता येते. पीएचपी किंवा डेटाबेस इथं चालत नाही, पण पहिल्या साइटला ते लागतही नाही.

आता बनवायचं काय? बहुतेक जण कामांची यादी नाहीतर एखाद्या मोठ्या साइटची नक्कल करतात. मुलाखत घेणाऱ्यानं तसल्या खूप पाहिलेल्या असतात. त्यापेक्षा आपल्या शकुंतलेवर एक पान करा. मूर्तिजापुरातून एक फाटा अचलपूरला, दुसरा यवतमाळला. स्टेशनं, नकाशा, आजी-आजोबांच्या आठवणी. मजकूर मराठीत, तोही युनिकोडमध्ये टाइप केलेला. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या मोबाइलवर भलताच दिसतो आणि गुगललाही सापडत नाही. अक्षरासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मोफत आहे. मग क्रोममधलं ‘लाइटहाउस’ चालवून पाहा. पान कुठं जड झालं, ते कळते.

क्लास वाईटच असतात, असं माझं म्हणणं नाही. शंका विचारायला माणूस लागतो, वेळेचा धाकही लागतो. पण तीन-चार जण मिळून कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्यातून दोनदा बसले, तर त्याचीही बरीच सोय होते. ज्या मुलींना घरून बाहेरगावी पाठवत नाहीत, त्यांना तर या गटात आधी घ्या.

तीन महिने एवढं करून पाहा. नाही जमलं तर पैसे वाचले. जमलं आणि पुढं क्लास लावावासा वाटला, तर बनवलेली साइट दाखवून ‘याच्या पुढचं काय शिकवता?’ असं तिथं विचारता येईल. अन् त्याचं नीट उत्तर मिळालं, तरच फी भरा.