पाषाण आणि पोवाडा

राज्यकर्ते जातात, त्यांचे पुतळे मागे उरतात, आणि या पुतळ्यांचे करावयाचे काय, हा प्रश्न नव्या राजवटीपुढे उभा राहतो. हा प्रश्न एकट्या आपल्याच देशाचा नाही. २०२० मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात गुलामांच्या व्यापारात गबर झालेल्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा जमावाने ओढून बंदराच्या पाण्यात ढकलला. पुढे तो बाहेर काढून संग्रहालयात ठेवण्यात आला. अशा प्रत्येक प्रसंगी दोन ठराविक बाजू मांडल्या जातात. एक पक्ष म्हणतो, गुलामगिरीच्या खुणा पुसून टाका. दुसरा म्हणतो, पुतळा हलविला म्हणून इतिहास बदलत नाही. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे कट्टर विरोधक असले, तरी एक गोष्ट दोघांनीही मनोमन गृहीत धरलेली असते. ती ही की, इतिहासाची स्मृती दगडात आणि धातूत वसते. हे गृहीतच मुळात तपासून पाहावयास हवे. स्मृती वसते ती त्या दगडाभोवती लोक जे गातात आणि सांगतात त्यात. आपली खरी चूक अशी की, आपण दगडासाठी भांडतो आणि गाणे मात्र विसरून जातो.

डब्लिनचा खांब

याचे उत्तम उदाहरण आयर्लंडमध्ये सापडते. डब्लिनच्या ओ'कॉनेल रस्त्यावर इंग्रजांचा दर्यासारंग नेल्सन याचा उंच स्तंभ १८०९ पासून उभा होता. १९१६ च्या ईस्टर सणात आयरिश क्रांतिकारकांनी उठाव केला तेव्हा त्यांचे मुख्य ठाणे असलेले टपाल कार्यालय या स्तंभाच्या अगदी शेजारी होते. आयर्लंड स्वतंत्र झाले, तरी नेल्सन तसाच उभा राहिला. तो हलवावा की नाही यावर अनेक दशके चर्चा झाली. परंतु स्तंभ विश्वस्तांच्या ताब्यात होता, कायद्याची अडचण होती, आणि निर्णय पुढे पुढे ढकलला जात राहिला. अखेर उठावाचा सुवर्णमहोत्सव काही आठवड्यांवर आला असताना, ८ मार्च १९६६ च्या पहाटे, सुरुंगाच्या स्फोटाने तो उडविण्यात आला. सुदैवाने कोणी दगावले नाही.

नंतर जे घडले ते अधिक बोलके आहे. बेलफास्टमधील काही शिक्षकांनी या घटनेवर एक खट्याळ गाणे रचले आणि त्याची ध्वनिमुद्रिका सलग आठ आठवडे आयर्लंडमध्ये खपाच्या अग्रस्थानी राहिली. ज्या स्तंभाने दीडशे वर्षे शहरावर नजर ठेवली, तो एका गाण्याने हास्याचा विषय झाला. नेल्सनचे भग्न मस्तक आज तेथील सार्वजनिक ग्रंथालयात ठेवलेले आहे, आणि त्याच्या जागी २००३ पासून पोलादाचा एक निमुळता मनोरा उभा आहे. आयरिश जनतेला हे नवीन नव्हते. १८४२ मध्ये निघालेल्या 'द नेशन' या पत्राने राष्ट्रीय गीतांची जी परंपरा रुजविली, ती फासावर गेलेल्या तरुणांच्या कवनांपर्यंत अखंड चालत आली होती. ज्यांच्याजवळ राज्य नव्हते, त्यांच्याजवळ गाणे होते.

येथे सावधगिरीचा एक शब्द आवश्यक आहे. गाणे स्वभावतःच निष्पाप असते असे नाही. उत्तर आयर्लंडमध्ये १९६९ नंतरच्या तीन दशकांत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली, आणि त्या काळात एका वस्तीचे बंडाचे गीत दुसऱ्या वस्तीला धमकीसारखे ऐकू येत होते. गाणे माणसे जोडते तशी भिंतही उभारते. मिरवणुकांतील कर्कश ध्वनिवर्धकांवरून एकमेकांना डिवचणारी गाणी आपल्यालाही अपरिचित नाहीत.

असईचा विजय, डब्लिनचा ओबेलिस्क

आयर्लंड आपल्याला वाटते तितके दूर नाही. लोकमान्य टिळकांनी २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना केली. 'होमरूल' हा शब्दच आयरिश राजकारणातून आलेला. आणि त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये उठावाच्या तोफा धडाडत होत्या. याहूनही जवळचा धागा आपल्या मराठवाड्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हा डब्लिनमध्ये जन्मलेला. त्याच्या गौरवार्थ डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये उभारलेला प्रचंड ओबेलिस्क आजही उभा आहे, आणि त्याच्या पायथ्याशी हिंदुस्थानातील युद्धांचे एक शिल्प आहे. आपल्या पराभवाचे स्मारक आयरिश राजधानीत अद्याप शाबूत आहे! नेल्सन गेला, वेलिंग्टन राहिला. स्मारकांचे भवितव्य तर्काने ठरत नाही. त्याच्याशी लोकांच्या मनातील कोणती आठवण जोडली गेली, यावर ते ठरते.

राजा उतरला, घोडा राहिला

मुंबईचा अनुभव याहून वेगळा नाही. बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांच्या देणगीतून व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा मुंबईत १८७२ मध्ये बसविण्यात आला. देणगी मराठी संस्थानिकाची. आणि १८९६ मध्ये त्याच पुतळ्याला डांबर फासून पायताणांची माळ घालणारे हातही मराठी, चापेकर बंधूंचे. आपला समाज परकी सत्तेपुढे एकमुखाने नमला नाही, तसाच तो एकमुखाने उठलाही नाही, हे सत्य त्या एका पुतळ्याच्या चरित्रात सामावलेले आहे. तो फोडून टाकला असता, तर ही दोन्ही सत्ये सांगण्याचे साधन हरवले असते. आज तो भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

सातव्या एडवर्डचा युवराजपणीचा अश्वारूढ पुतळा ससून घराण्याने दिलेला. तो १८७९ मध्ये बसविण्यात आला आणि १९६५ मध्ये तेथून हलविण्यात आला. पण मुंबईकरांनी त्या चौकाला राजाचे नाव कधी दिलेच नाही. त्यांनी त्याला 'काळा घोडा' म्हटले. सरकारने राजाला खाली उतरविण्याच्या कितीतरी आधी लोकांच्या जिभेने त्याला पदच्युत केले होते. पुतळा गेल्यावरही ते नाव टिकले, आणि २०१७ मध्ये तेथे नवा घोडा उभा राहिला तो स्वाराविना!

तिसरे उदाहरण मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी जेथे संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली, त्या फ्लोरा फाउंटनचे इंग्रजी कारंजे कोणी फोडले नाही. त्याच्या शेजारी हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले आणि चौक हुतात्म्यांच्या नावाचा झाला. जुने पुसले नाही, नव्याने त्याला उत्तर दिले. ज्या चळवळीने हे घडविले तिच्या पाठीशी अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांच्यासारख्या शाहिरांचा डफ होता, हा योगायोग नव्हे.

एकाच स्तंभाचे दोन अर्थ

वसाहतीच्या खुणा सरसकट हटवा म्हणणाऱ्यांनी भीमा कोरेगावच्या स्तंभाचा विचार करावा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचे ते ईस्ट इंडिया कंपनीचे जयचिन्ह. कंपनीने ते आपल्या फौजेच्या गौरवासाठी उभारले, हे निर्विवाद. परंतु त्यावर महार सैनिकांची नावेही कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले, आणि ज्यांना गावाच्या वेशीत मान नव्हता त्यांच्या पराक्रमाचा दाखला म्हणून तो स्तंभ नव्याने वाचला जाऊ लागला. आज दरवर्षी तेथे जमणारा समुदाय कंपनीला वंदन करावयास येत नाही. स्तंभाचा मूळ मालक त्या गाण्यांतून केव्हाच हद्दपार झाला आहे. या अर्थाविषयी मतभेद आहेत, आणि २०१८ च्या १ जानेवारीला त्यांनी हिंसक वळण घेतले हे दुर्दैव. तथापि, एखाद्याची गुलामीची खूण ही दुसऱ्याच्या स्वाभिमानाची खूण असू शकते, हे ध्यानात घेतल्याविना कोणत्याही स्मारकावर हातोडा उचलणे हे अज्ञान आहे.

गाणे म्हणजे गुन्हा

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे आमच्या सोनपेठसारख्या गावांत राणीचे वा गव्हर्नराचे पुतळे नव्हते. येथील राजवटीने भीती धरली ती गाण्याची. १९३८ मध्ये औरंगाबादच्या महाविद्यालयातील आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला, म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. इंग्रजी मुलखातही निराळे घडत नव्हते. १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली ती राजद्रोही ठरविलेल्या कविता प्रसिद्ध केल्याबद्दल. सत्ताधीशांना गाण्याचे मोल आपल्यापेक्षा अधिक अचूक कळत होते, असेच म्हणावे लागते.

मग स्वातंत्र्यानंतर आपण या ठेव्याचे काय केले? अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा आणि तानाजीवरील तुळशीदासाचा, असे जुने पोवाडे गोंधळ्यांच्या तोंडून उतरवून घेऊन १८९१ मध्ये ग्रंथरूपाने आणले ते शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी ॲकवर्थ यांनी. हा ॲकवर्थ इंग्रज अधिकारी, मुंबईचा महापालिका आयुक्त. वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला आजही त्याचे नाव आहे, आणि ते पुसावे असे कोणी म्हणत नाही, हे योग्यच आहे. आपल्या काळात गी पॉईटवॅं आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यांत आमच्या शेजारच्या माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या आहेत, आणि परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्याही आहेत. जनाबाईच्या गंगाखेडाला लागून असलेल्या या मुलखात जात्याशी बसून बाईने आपले मन मोकळे करावे, ही सातशे वर्षांची रीत आहे. पण पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली, आणि त्यांच्याबरोबर ओव्याही.

झीज आणि वाढ

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर भांडवल दोन प्रकारचे असते. एक वापराने आणि काळाने झिजते. त्यावर दरवर्षी घसारा धरावा लागतो. पुतळा हे या जातीचे भांडवल. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी समारंभपूर्वक उभारला गेला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पूर्ण होण्याआधी, कोसळला. दुसरे भांडवल वापराने वाढते आणि न वापरल्यानेच नष्ट होते. भाषा, कसब आणि गाणे ही त्या जातीची. ज्या महाराजांचा तो पुतळा पडला, त्यांच्या काळातील पोवाडा साडेतीनशे वर्षे टिकला, कारण पिढ्यान् पिढ्या कोणी ना कोणी तो म्हणत राहिले. पुतळा उभारू नये असे मी म्हणत नाही. परंतु सार्वजनिक पैशाचा विनियोग करताना झिजणाऱ्या भांडवलावर सारी थैली रिकामी करावयाची आणि वाढणाऱ्या भांडवलाकडे पाठ फिरवावयाची, हा कोणत्याही दृष्टीने शहाणा व्यवहार नव्हे.

आणि येथे विलंबाला जागा नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीकडे झुकली आहे. त्या दिवसांतील प्रभातफेऱ्या जिने ऐकल्या, रझाकारांच्या धास्तीने घर सोडलेल्या आईच्या तोंडची ओवी जिला आठवते, अशी बाई गावोगाव एखाद-दुसरीच उरली असेल. मुक्तिसंग्रामदिनी आपण ध्वजाला वंदन करतो, भाषणे करतो आणि घरी जातो. तिला मात्र कोणी विचारावयास जात नाही. आणखी दहा वर्षांनी विचारावे असे वाटले, तरी विचारणार कोणाला?

तेव्हा दोन गोष्टी व्हाव्यात. पहिली, स्मारक हलविण्याचा निर्णय रात्रीच्या अंधारात वा जमावाच्या हाती नसावा. लोकनियुक्त संस्थेने जाहीर सुनावणी घेऊन तो करावा. आधी शेजारी नवे काही उभारून काम भागते का ते पाहावे. हलविणे भागच असेल, तर ती वस्तू संग्रहालयात ठेवून ती कोणी उभारली, कोणी व का हलविली, हे तिच्या शेजारी लिहावे. डब्लिनने निर्णय लांबवला म्हणून सुरुंगाने तो घेतला, हा धडा विसरू नये.

दुसरी गोष्ट अधिक सोपी आणि अधिक स्वस्त आहे. परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या ज्या विद्यापीठाला संलग्न आहेत, त्याला हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचेच नाव आहे. या महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी एकेका खेड्यात भरतात. प्रत्येक शिबिरातील विद्यार्थ्यांनी त्या गावातील वृद्ध स्त्रीपुरुषांची गाणी, ओव्या आणि आठवणी खिशातल्या भ्रमणध्वनीवर मुद्रित कराव्यात. गाणाऱ्याची अनुमती घेऊन तिचे नाव व गाव नोंदवावे. आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते सर्व जतन करून सर्वांना खुले करावे. सर्व जातिधर्मांच्या वस्त्यांत जावे, आणि आपल्याला न रुचणारे गाणेही तितक्याच काळजीने उतरवून घ्यावे. या कामाला निविदा लागत नाही, चौथरा लागत नाही, उद्घाटनाला मंत्री लागत नाही. लागते ती केवळ एक दुपार आणि ऐकण्याची तयारी. येत्या हिवाळी शिबिरांपासूनच याची सुरुवात व्हावी.