पाण्याच्या मागावर गेलेले रूळ

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात मरी नावाचं गाव आहे. आपल्याकडचा माणूस नाव ऐकूनच दचकेल. पण तिथं मरीआईचा फेरा आला नव्हता. रेल्वे आली आणि गेली, इतकंच.

१८५९ साली जॉन मॅकडुअल स्टुअर्टच्या मोहिमेला इथं झरे सापडले. म्हणजे गोऱ्यांना सापडले. इथले मूळचे अरबाना लोक पिढ्यान्‌पिढ्या तेच पाणी पीत होते. झऱ्यांना नाव मात्र मोहिमेतल्या हेरगॉट या जर्मनाचं मिळालं. पहिल्या महायुद्धात ते खुपू लागलं, तेव्हा पुसून टाकलं. जमिनीखालच्या पाण्याचे असे उमाळे उत्तरेकडे लांबवर आहेत, आणि वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकीच पाण्याची गरज. त्यामुळे पोर्ट ऑगस्टाहून निघालेले साडेतीन फुटी रूळही झऱ्यांच्या मागानं गेले. १८८४ साली ते मरीला पोचले.

रूळ संपत तिथून उंट सुरू होत. आत आडरानातल्या गुरामेंढरांच्या कुरणांवर पीठ, साखर, तारेची भेंडोळी पोचवायची आणि लोकरीचे गठ्ठे घेऊन परतायचं. उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, मग माणूस पेशावरचा असो की सिंधचा. उंटांचा पहिला मोठा तांडा १८६५च्या अखेरीस पोर्ट ऑगस्टाला उतरला तो कराचीहून. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती. मरीत रुळांच्या एका अंगाला गोऱ्यांचं दगडी, दुमजली हॉटेल. दुसऱ्या अंगाला अफगाण आणि मूळ रहिवाशांची पत्र्याची घरं, खजुराची झाडं आणि मातीच्या भिंतींची बुटकी मशीद. पुढं रेल्वे वाढवताना सामान वाहिलं ते या उंटांनीच. मोटारलॉऱ्या आल्यावर १९२५ साली कायदा झाला : बेवारशी उंट दिसला तर गोळी घाला. कित्येक उंटवाल्यांनी जनावरं रानात सोडून दिली.

१९२९ साली रूळ ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरच्या ॲलिस स्प्रिंग्जला पोचले. ‘घान’ हे गाडीचं नाव त्या अफगाणांवरूनच पडलं म्हणतात. मरीचे खरे भरभराटीचे दिवस मात्र एका गैरसोयीनं आणले. ली क्रीकच्या कोळशासाठी १९५७ साली दक्षिणेकडून रुंद रूळ मरीपर्यंत आले; पुढं जुनेच अरुंद. त्यामुळे प्रत्येक प्रवासी, प्रत्येक पोतं इथं उतरून दुसऱ्या गाडीत चढायचं. बर्ड्‌सव्हिलच्या वाटेनं पाचशे किलोमीटर हाकत आणलेली गुरंही इथंच डब्यांत भरली जात. गावाचं पोट या चढउतारीवर भरत होतं.

पण ज्या पाण्यासाठी रूळ या वाटेनं आले, त्याची गरज १९५४ साली डिझेल इंजिनं आली तेव्हाच सरली होती. उरला फक्त पाण्याचा त्रास. सखल भागातले रूळ एका पुरात वाहून जात आणि गाडी वाळवंटात दिवसेंदिवस अडकून पडे. १९८० साली पश्चिमेला दूर, पुराच्या वाटेबाहेर नवी लाईन सुरू झाली आणि ‘घान’ तिकडून धावू लागली. गुरं तर आधीच मोठमोठ्या ट्रकांवर गेली होती. ली क्रीकच्या पुढं मरीपर्यंतचे रुंद रूळही त्याच दशकात बंद झाले.

आता मरीत मोजकीच माणसं राहतात. हॉटेल चालू आहे, मशिदीची प्रतिकृती उभी आहे. जुन्या फलाटापाशी इंजिनंही ठेवली आहेत, तीही पाणी न लागणारी, डिझेलचीच.