मोडलेल्या दांड्याची साक्ष

यंत्राचा दांडा मोडला की कारखान्यात पहिला ठपका मालावर येतो, दुसरा कामगारावर. पुरावा असतो तो तुटलेल्या तोंडावर. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो तुकडा धरला, की ताणून तुटलेल्या पोलादात बारीक खळगे दिसतात, ठिसूळपणे फुटलेल्यात सपाट पैलू. आणि वारंवार भार झेलून थकलेल्या धातूत शेजारी शेजारी सूक्ष्म रेघा. बहुधा एक रेघ म्हणजे भाराचे एक आवर्तन.

धातू वाकतो तो स्फटिकरचनेतल्या रेषीय दोषांमुळे, म्हणजे विस्थापनांमुळे, हे टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी १९३४ साली कागदावर मांडले. केंब्रिजमध्ये हर्श आणि सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यात ती विस्थापने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून सरकताना पाहिली १९५६ मध्ये. साध्या सूक्ष्मदर्शकाला ते जमणारे नव्हतेच. प्रकाशाची धाव सुमारे २०० नॅनोमीटरपर्यंत.

एवढे दिसू शकत असूनही फाउंड्रीत नापास झालेले कास्टिंग सरळ पुन्हा भट्टीत जाते आणि त्याबरोबर पुरावाही वितळतो!

आयआयटी मुंबईतील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बाहेरच्यांनाही शुल्क भरून वापरता येतात. कोल्हापूरच्या फाउंड्री उद्योजकांनी नमुने एकत्र पाठवावेत आणि लहान कारखान्यांच्या शुल्काचा वाटा सरकारने उचलावा.