श्रद्धेचा आसरा आणि बाईचा हक्क

दुष्काळ पडला, घरातला कर्ता पुरुष गेला किंवा नवऱ्याने टाकले, तर बाई कुणाच्या दारात जाते? या एका प्रश्नाच्या उत्तरातून त्या समाजाची बरीच ओळख पटते.

नगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे मिळतात. त्यातले हिवरे बाजारचे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर हे गाव उजाड होत गेले. विहिरी आटल्या, माणसे पोटासाठी पुण्या-मुंबईकडे गेली, मागे राहिलेल्यांत दारू माजली. १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात गाव पुन्हा उभे राहिले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने पाळली. डोंगरउतारावर पाणी अडवले. आजही तिथे पाऊस मोजला जातो, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. दुष्काळात आधार कशाचा, तर अडवलेल्या पाण्याचा आणि चारचौघांत मांडलेल्या हिशोबाचा, असे हे उत्तर आहे.

पण याच कोरड्या जिल्ह्यात पाणी अडवण्याच्या चळवळीआधी शंभर-सव्वाशे वर्षे हजारो बायांनी दुसरे उत्तर शोधले होते. गावकुसाबाहेरची बाई मिशनच्या दारात गेली आणि येशूच्या नावाने उभी राहिली. आजही नगर, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर भागात तिच्या नाती-पणती आहेत. संकटात आधार कुठे मिळाला असे विचारले, तर त्यांतल्या अनेकजणी सरळ सांगतात, "प्रार्थनेत." स्त्री-चळवळीतल्या आपण मात्र हे उत्तर ऐकून गप्प बसतो. धर्म म्हणजे बाईची बेडी, हे आपण अनुभवातून शिकलो आहोत आणि ते खोटे नाही. तरीही ज्या गोष्टीने इतक्या बायांना तगवले, तिच्याकडे पाठ फिरवून कसे चालेल?

पोटासाठी बाटल्या?

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ च्या अखेरीस नगरला आले. मिस सिंथिया फरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. मुलींच्या शाळा हेच त्यांचे काम. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले, असे सावित्रीबाईंचे चरित्रकार सांगतात. पण खेडोपाडी ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या त्या मुख्यतः १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर. या मंडळ्यांत बहुतेक जण महार आणि मांग समाजातले होते.

तेव्हापासून एक टोमणा चालत आला आहे : पोटासाठी बाटले. हा टोमणा मारणाऱ्याला आपण उलट विचारले पाहिजे. भुकेल्या बाईने भाकरी घेतली यात लाज कुणाला वाटायला हवी? घेणारीला, की जिच्या गावाने तिला विहिरीवर चढू दिले नाही, त्या गावाला? सरकारी दुष्काळी कामावर मजुरी अपुरी, त्यातही बाईची पुरुषापेक्षा कमी. सावकाराचे दार तिच्यासाठी गहाणाचे, देवळाचे दार बंद. मग जे दार उघडे होते, तिथे ती गेली. भाकरी आणि श्रद्धा यांची वाटणी करणे पोट भरलेल्यांना सुचते. जिने पोर उपाशी झोपवले आहे, तिला भाकरी देणाऱ्या हातातच देव दिसला, तर तिची श्रद्धा खोटी ठरत नाही.

शिवाय केवळ भाकरीसाठी गेली असती, तर दुष्काळ सरल्यावर ती परतली असती. पुष्कळजणी राहिल्या. तिथे भाकरीहून जास्त काही मिळत होते. मुलीला अक्षर मिळाले. परिचारिका, शिक्षिका, घरोघर जाऊन बायबल वाचून दाखवणारी बाई, अशी कामे मिळाली. पगार तुटपुंजा, पण स्वतःच्या नावाचा. रविवारी सगळ्यांबरोबर एका छपराखाली बसून गाणे म्हणता आले. जिला गावाने अरे-तुरेच केले, तिला कुणीतरी 'बाई' म्हटले.

लग्नाची नोंदही महत्त्वाची. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्न वहीत लिहिले जाई. पहिली नांदत असताना दुसरी आणता येत नसे. हिंदू पुरुषाला मुंबई प्रांतात दुसरे लग्न करायला बंदी झाली ती १९४६ मध्ये. म्हणजे सवत येणार नाही, एवढी हमी ख्रिस्ती बाईला सत्तर-पंच्याहत्तर वर्षे आधी मिळाली. विधवेला पुन्हा लग्न करण्याची मुभा होती. वारसाहक्कात मुलगी-मुलगा समान होते. आपल्या महाराष्ट्रात हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा वाटा मिळायला १९९४ साल उजाडावे लागले. अर्थात, भूमिहीन घरात वाटायला जमीनच नसे, ही गोष्ट वेगळी.

दोघी बायका

या वाटेने गेलेल्या दोघी आपल्या परिचयाच्या आहेत. दोघी ब्राह्मण घरातल्या, म्हणून त्यांचे लिहिलेले उरले. महारवाड्यातल्या बाईचे शब्द कुणी टिपून ठेवले नाहीत, हे विसरून चालणार नाही.

पंडिता रमाबाईंनी आई-वडील आणि बहीण दुष्काळाच्या वणवणीत गमावली होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ज्यांनी दीक्षा दिली त्यांच्यापुढे त्यांनी मान तुकवली नाही. तिथल्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असा आक्षेप हिंदुस्थानातल्या बिशपांनी घेतला, तेव्हा त्यांनी स्पष्ट विरोध केला. आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकणार नाही, हीच त्यांची भूमिका राहिली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो विधवा आणि पोरक्या मुली आणल्या आणि केडगावला 'मुक्ती' उभी केली. तिथे शेती, विणकाम, छापखाना सारे बायाच चालवत. रमाबाईंना ख्रिस्तात विसावा मिळाला, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पण त्या विसाव्याला त्यांनी शेत जोडले, खिळे जुळवणारे हात जोडले. म्हणून तो विसावा दुसऱ्या बायांनाही पुरला.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट निराळी. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म घेतला, तो तिला न विचारता. तिचे घर मोडले. तीर्थक्षेत्री, नातेवाइकांकडे दिवस काढून ती पुढे नगर जिल्ह्यात नवऱ्याकडे आली, तरी सोवळे पाळत वेगळा स्वयंपाक करीत राहिली. तिचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, पण जात त्याआधीच सुटली होती. जातपात माणसाने केली, देवाने नाही, हे तिला तिच्या स्वतःच्या डोक्याने पटले. नवऱ्याच्या पाठोपाठ धर्म बदलणारी बाई आणि स्वतः विचार करून, आपल्या वेळेला निर्णय घेणारी बाई यांतला फरक तिने जगून दाखवला.

दोघींचे सार एकच : श्रद्धा त्यांनी घेतली, पण श्रद्धेची किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली नाही.

दार आतूनही बंद होते

प्रश्न इथूनच सुरू होतो. सगळ्या बायांना ती किल्ली मिळाली नाही.

लग्न वहीत नोंदवले गेले, सवत आली नाही, हे खरे. पण नवरा मारतो म्हणून सुटका हवी असेल तर? १८६९ च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा टाकून देणे असे आणखी काही सिद्ध करावे लागे. नुसते क्रौर्य पुरेसे नव्हते. हाडे मोडली तरी लग्न मोडत नव्हते! केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. संसदेने कायदा बदलला २००१ मध्ये, म्हणजे १३२ वर्षांनी. तोवर किती बायांना "प्रार्थना कर, तो सुधारेल" एवढेच ऐकावे लागले असेल! संगमनेरला १९८० च्या दशकाच्या अखेरीस परित्यक्ता स्त्रिया एकत्र आल्या, पोटगी आणि घरातला वाटा मागू लागल्या. टाकलेली बाई सगळ्या धर्मांत असते, हे तेव्हा जाहीरपणे बोलले गेले.

दुसरे बंद दार जातीचे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदू सोडून इतर धर्मीयांना अनुसूचित जातीत जागा ठेवली नाही. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना ती मिळाली. ख्रिस्ती दलित अजून बाहेर आहेत. धर्म बदलला म्हणून गावाने जात विसरली, असे झाले का? तरी सवलत नाही आणि अत्याचार झाला तर १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही नाही. म्हणून कित्येक घरांत कागदावर एक धर्म आणि भिंतीवर दुसरा. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका स्त्रीने नोकरीसाठी मागितलेले अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र सर्वोच्च न्यायालयाने नाकारले. कारण ती प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळते, असे न्यायालयाला दिसले. जो विश्वास तिचा आधार, तोच तिच्या विरोधातला पुरावा ठरला.

तिसरे दार सरकार बंद करू पाहते. धर्मांतरावर नियंत्रण आणणारे कायदे अनेक राज्यांत झाले. १९६७ च्या ओरिसातील कायद्यापासून एक कलम पुन्हा पुन्हा येते : अज्ञान बालक, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल, तर जबरदस्तीने वा आमिषाने धर्मांतर करवणाऱ्याला जास्त शिक्षा. संरक्षणाच्या नावाखाली बाईला बालकाच्या ओळीत बसवले आहे. तिला स्वतःचा देव निवडण्याएवढी अक्कल नाही, हे यात गृहीत धरले आहे. जबरदस्ती कुणावरच होऊ नये. पण मतदान करणारी, गावाची सरपंच होणारी बाई धर्माच्या बाबतीत कायम अज्ञान कशी?

मग आपण काय करायचे?

श्रद्धा खरी की खोटी, यावर निवाडा देणे आपले काम नाही. श्रीरामपूर तालुक्यात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला दर सप्टेंबरात सगळ्या धर्मांच्या बाया जातात. त्यांना तर्क शिकवत बसण्यापेक्षा त्या काय मागायला जातात ते ऐकावे. मूल, औषध, दारूतून सुटलेला नवरा, काम. या मागण्या आपल्याही मोर्चात असतात.

वस्तीतल्या बायांची प्रार्थनासभा हेही त्यांचे एक व्यासपीठ आहे. घराबाहेर पडायला मिळते, दुःख मोठ्याने बोलता येते, दुसरी बाई ते ऐकते आणि "आमेन" म्हणते. हे बळ हलके नाही. पण एखादीला मार बसत असेल, तर प्रार्थनेनंतर तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात कोण जाते, हेही तिथे विचारले गेले पाहिजे. प्रार्थनेने हिंमत येते. तक्रार मात्र लिहूनच द्यावी लागते.

हिवरे बाजारकडून इथे एक धडा घेता येईल. ते गाव ख्रिस्ती मंडळीसाठी ओळखले जात नाही, पाण्यासाठी ओळखले जाते. पण तिथली रीत प्रत्येक आसऱ्याला लागू आहे. पाऊस किती पडला, पाणी किती उरले आणि कुणाला किती, हे सर्वांसमोर मांडायचे. मग चर्चची जमीन, शाळा, वसतिगृहे यांचा ताळेबंद बायांसमोर का मांडला जाऊ नये? मंडळीत संख्येने बाया जास्त, मग कमिटीत किती? दक्षिण भारतातील चर्चमध्ये २०१३ साली पुष्पा ललिता बिशप झाल्या. वेदीवर उभे राहायला बाई चालते, हे सिद्ध झाले आहे. जिथे अजून चालत नाही, तिथे का, हे त्या मंडळीतल्या बायांनीच विचारावे आणि आपण त्यांच्या पाठीशी उभे राहावे. हाच प्रश्न ग्रामसभेलाही विचारायचा आहे. अडवलेले पाणी ज्या शेतात जाते, त्याच्या सातबारावर बाईचे नाव आहे का?

आपल्या संघटनांनी तीन गोष्टी ठामपणे मागाव्यात. दलित ख्रिस्ती स्त्रियांना अनुसूचित जातीचे हक्क आणि ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण मिळावे. बाईला धर्म निवडण्यात बालक मानणारी कलमे रद्द व्हावीत. टाकलेल्या बाईला, तिचा धर्म कोणताही असो, राहते घर आणि पोटगी वेळेत मिळावी.

आसरा कुणीतरी देतो, म्हणून तो काढूनही घेता येतो. हक्क आपला असतो. नगरच्या कोरड्या मुलखात श्रद्धेने बाईला आसरा दिला, तिला जगवले, लिहायला शिकवले. त्याबद्दल कृतज्ञ राहायला हरकत नाही. पण ज्या दारात ती आसऱ्याला गेली, त्या घरात तिचे नाव लागले पाहिजे. तिच्या प्रार्थनेला आपण हसायचे नाही आणि तिच्या हक्काची गोष्ट प्रार्थनेवर सोडायची नाही.