बोटांची लांबी आणि नवे सामुद्रिक



आपल्या स्नेहसंमेलनांत हात पाहण्याचा एक नवा प्रकार रुजला आहे. पूर्वी एखादे काका तळहातावरच्या रेषा पाहून परदेशगमनाचा योग सांगत. आता एखादा उच्चशिक्षित मित्र पोरांची तर्जनी आणि अनामिका शेजारी शेजारी धरतो आणि म्हणतो, "अनामिका लांब आहे, म्हणजे गर्भात टेस्टोस्टेरॉन भरपूर मिळालंय. गणित, खेळ, शेअर बाजार, सगळं जमेल." रेषांना हसणारे आपण यावर मान डोलावतो, कारण यात हॉर्मोन आहे, गुणोत्तर आहे आणि 'नेचर'सारख्या नियतकालिकाचे नाव आहे.

मी जीवशास्त्रात संशोधन करते. ही सगळी थाप आहे असे मी म्हणणार नाही, कारण ती थाप नाही. पण जे गटाच्या सरासरीबद्दल खरे आहे ते आपण घरातल्या मुलाच्या कपाळी चिकटवतो आहोत, आणि त्याला माझा आक्षेप आहे.

आधी खरे काय ते पाहू. तर्जनीच्या लांबीला अनामिकेच्या लांबीने भागले की जो आकडा येतो तो पुरुषांमध्ये सरासरीने किंचित कमी असतो. अलेक्झांडर एकर या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने बोटांच्या लांबीतल्या या फरकांवर १८७५ सालीच लिहिले होते. १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या जॉन मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी या गुणोत्तराचा संबंध लैंगिक हॉर्मोनांशी जोडला. कल्पना सोपी आहे. गर्भ दोनेक महिन्यांचा झाला की मुलग्यांचे वृषण टेस्टोस्टेरॉन तयार करू लागतात, आणि बोटांची घडणही त्याच सुमारास चालू असते. २०११ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात उंदरांच्या गर्भावर प्रयोग झाले. चौथ्या बोटाच्या पेशींमध्ये या हॉर्मोनचे रिसेप्टर जास्त होते, आणि त्यांचे काम बंद पाडले की नराचे गुणोत्तर मादीसारखे होत गेले. म्हणजे कल्पनेला आधार आहे.

आता प्रश्न असा की एका माणसाचा हात पाहून काय सांगता येते? २०१० मध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. उजव्या हातात स्त्री-पुरुषांच्या सरासरीतला फरक अर्ध्या प्रमाण विचलनाहूनही थोडा कमी निघाला, डाव्या हातात त्याहून कमी. संख्याशास्त्राची भाषा बाजूला ठेवून सांगायचे, तर पडद्यामागून फक्त उजव्या हाताचे हे गुणोत्तर कळले आणि समोर बाई आहे की पुरुष एवढेच ओळखायचे असले, तर १०० पैकी साधारण ५९ वेळा उत्तर बरोबर येईल. नाणे उडवले तर ५० वेळा येते. ज्या फरकाबद्दल सर्वांत कमी वाद आहे, तिथली ही स्थिती. मग त्याच बोटांवरून मुलीचे गणित किंवा मुलाचा स्वभाव कसा सांगणार?

इथे मला पुण्यात झालेल्या एका चाचणीची आठवण होते. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितले. उत्तरे पाठवली २७ जणांनी, आणि सरासरी यश ४६ टक्के. हा निबंध २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. आपण सगळ्यांनी तो कौतुकाने एकमेकांना सांगितला. मग तीच कसोटी विज्ञानाच्या नावाने येणाऱ्या भाकितालाही नको का लावायला? ज्योतिषाकडे काहीच नव्हते, बोटांकडे थोडेसे काहीतरी आहे, हा फरक मी मान्य करते. पण एका मुलाबद्दल निर्णय घ्यायला ते थोडेसे पुरत नाही.

दुसरी गोष्ट कारणाची. काही स्त्रियांची गुणसूत्रे एक्सवाय असतात, शरीरात टेस्टोस्टेरॉन तयार होते, पण त्याचा रिसेप्टर मुळीच काम करत नाही. त्यांच्या शरीरावर या हॉर्मोनचा परिणाम होत नाही आणि त्या स्त्री म्हणून वाढतात. २००९ मध्ये शेरी बेरेनबॉम आणि सहकाऱ्यांनी अशा स्त्रियांची बोटे मोजली. त्यांची सरासरी इतर स्त्रियांसारखी निघाली, म्हणजे हॉर्मोनचा संबंध आहे. पण त्यांच्या आपापसातल्या गुणोत्तरांत इतर लोकांइतकीच विविधता होती! माणसामाणसांतला फरक मुख्यतः या हॉर्मोनमुळे पडत असता, तर या स्त्रियांची गुणोत्तरे बरीचशी सारखी असायला हवी होती. तशी ती नव्हती. याचा अर्थ, तुमच्या आणि माझ्या बोटांत जो फरक आहे त्याचा बहुतांश भाग इतर कारणांनी येतो. त्यात अनेक जनुके आहेत, आणि हाताच्या एकूण आकाराचाही वाटा असावा असे काही संशोधक म्हणतात. शिवाय वेगवेगळ्या देशांतल्या लोकांच्या सरासरीत जो फरक दिसतो तो स्त्री-पुरुषांमधल्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. इंग्रजांच्या सरासरीवरून कोल्हापूरच्या हाताला 'पुरुषी' किंवा 'बायकी' ठरवण्यात काय अर्थ आहे? मोजण्याच्या पद्धतीनेही आकडा बदलतो. हाताची फोटोकॉपी काढून मोजले तर गुणोत्तर प्रत्यक्ष बोटांपेक्षा कमी येते, हे २००५ मध्येच दिसून आले आहे.

हे सगळे करमणुकीपुरते राहिले असते तर मी लिहायला बसले नसते. गेल्या वर्षी ओळखीच्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "अगं, तू यातली आहेस म्हणून विचारते. आमच्या मुलाची तर्जनी लांब आहे. म्हणजे तो तसा असेल का?" मुलगा पंधरा वर्षांचा. त्यांच्या डोळ्यांतली भीती खरी होती. या बातमीचे मूळ २००० सालच्या 'नेचर'मधल्या निबंधात आहे. मार्क ब्रीडलव्ह आणि सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रस्त्यांवरच्या जत्रांमध्ये ७२० प्रौढांचे हात मोजले होते. समलिंगी स्त्रियांच्या सरासरीत छोटा फरक सापडला; समलिंगी आणि इतर पुरुषांमध्ये एकूण फरक सापडला नाही. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही चित्र तेच होते. मी त्यांना हे सांगितले, पण तेवढ्यावर थांबणे मला बरोबर वाटले नाही. मी म्हटले, "बोटं मोजू नका. त्याच्याशी बोला, आणि तो जे सांगेल ते ऐकायची तयारी ठेवा."

आपल्यातले काही सुधारक मित्र उलट बाजूने तीच चूक करतात. "हे जन्मजात आहे, बोटांवरही दिसतं, म्हणून त्यांना स्वीकारा," असे ते म्हणतात. हेतू चांगला आहे, पण युक्तिवाद कच्चा आहे. उद्या बोटांचा सिद्धांत कोसळला तर माणसाचा हक्क जाईल का? ६ सप्टेंबर २०१८ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्हा ठरत नाहीत असा निकाल दिला, तो समता, प्रतिष्ठा आणि खासगीपणा या तत्त्वांवर. हक्क तिथेच टेकलेला असावा.

नोकरीच्या बाबतीतही सावध राहायला हवे. लंडनमधल्या ४४ पुरुष ट्रेडरांच्या बोटांचा त्यांच्या नफ्याशी संबंध जोडणारा निबंध २००९ मध्ये आला आणि वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. आपल्यापैकी अनेकजण माणसे निवडण्याच्या जागी बसतात. शरीर मोजून लायकी ठरवण्याचा इतिहास आपल्याला परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हर्बर्ट रिझलीने नाके मोजून जातींची उतरंड वंशावर बसवली. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकांच्या मापांचेच आकडे घेऊन दाखवून दिले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश नव्हेत. मोजमापाला ते घाबरले नाहीत. त्या मोजमापातून नेमके काय निघते आणि काय निघत नाही, हे त्यांनी तपासले.

आपणही तेच करावे. यापुढे असा शोध वाचनात आला, तर फरक किती मोठा आहे आणि दोन गट एकमेकांत किती मिसळलेले आहेत, हे आधी विचारा. मुलीला गणित आवडते का हे तिला वही-पेन्सिल देऊन कळते, आणि मुलाच्या मनात काय आहे हे त्याच्याजवळ बसून. तेवढा वेळ आपण त्यांना द्यायला हवा.