दारांतील अर्धवट यंत्र आणि पंचायतीची नोटीस

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या एका सभासदाच्या अंगणांतून ग्रामपंचायतीनें एक जुना ट्रॅक्टर उचलून नेला. तो चालू स्थितींत नव्हता हें खरें. त्याचीं मागचीं चाकें काढलेलीं होतीं, गिअरपेटी सोडवून ओसरीवर मांडली होती, आणि उरलेलें धड विटांच्या चवडीवर उभें होतें. सदर गृहस्थांनीं तो दोन वर्षांपूर्वीं जोडून घेण्याच्या हेतूनेंच विकत घेतला होता, व जसजसा पैसा हातीं येई तसतसें काम पुढें सरकत होतें. गांवांत स्वच्छतेच्या स्पर्धेची तपासणी व्हावयाची होती म्हणून तीन दिवसांची नोटीस निघाली, आणि चौथ्या दिवशीं जेसीबी आणून तें धड गांवाबाहेरच्या खाणीपाशीं ओढून टाकण्यांत आलें. ओसरीवरचे कांहीं भाग त्या गडबडींत नाहींसे झाले. नोटिशींत "भंगार" हा एकच शब्द होता. कायद्याचें कलम नव्हतें, कीं हरकत घेण्याची मुदतही नव्हती. हें एकाच गांवचें गाऱ्हाणें असतें तर आम्हीं त्यावर एवढी जागा खर्चिली नसती. परंतु अशाच आशयाचीं आणखी पत्रें आमच्याकडे आलीं आहेत.

ज्यांनीं शेती केली नाहीं त्यांस अर्धें उघडलेलें यंत्र म्हणजे आळसाची खूण वाटते. वस्तुस्थिति निराळी आहे. उदाहरणार्थ, एचएमटीचे ट्रॅक्टर घ्या. पिंजोर येथील कारखान्यांत 1971 सालीं चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीच्या सहकार्यानें हे ट्रॅक्टर बनूं लागले आणि आपल्याकडेही पुष्कळ शेतांत गेले. 2016 च्या ऑक्टोबरांत केंद्रीय मंत्रिमंडळानें हा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास मान्यता दिली. कारखाना बंद झाला म्हणून शेतांतील ट्रॅक्टर बंद पडत नाहीं. मात्र त्याचा सुटा भाग मिळणें दिवसेंदिवस कठीण होतें. मग शहाणा मालक काय करतो? तो तसलाच दुसरा निकामी ट्रॅक्टर स्वस्तांत घेतो आणि दोहोंचा मिळून एक उभा करतो. ह्या कामास मिस्त्री सवडीनें येतो, पैसा ऊंसाच्या बिलाबरोबर येतो, आणि पेरणी लागली कीं सर्वच राहतें. दोन पावसाळे गेले तर त्यांत नवल नाहीं. नव्या ट्रॅक्टरच्या कर्जांत मान अडकविण्यापेक्षां जुनें यंत्र स्वतःच्या हातानें उभें करणारा शेतकरी आमच्या मतें कौतुकास पात्र आहे.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 53 नें पंचायतीस अडथळा व अतिक्रमण दूर करण्याचा अधिकार दिला आहे, आणि तो योग्यच आहे. पण तो अधिकार सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक जागा, गटार, आणि खाजगी मालकीची नसलेली मोकळी जागा ह्यांपुरता आहे. मालकाच्या स्वतःच्या आवारांतील वस्तु त्या कलमाखालीं उचलतां येत नाहीं. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 127 अन्वयें 10 तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेलें वाहन हलविण्याचा हुकूम गणवेशांतील पोलीस अधिकारी देऊं शकतो. तेथेंही शब्द आहेत ते सार्वजनिक ठिकाणाचे. त्याच अधिनियमाचें कलम 39 नोंदणीवांचून वाहन चालविण्यास मनाई करतें, दारांत उभें ठेवण्यास नव्हे. ट्रॅक्टर 15 वर्षांचा झाला कीं तो मोडीतच काढला पाहिजे अशी एक भूमका गांवोगांव उठली आहे, ती निराधार आहे. शेतीचा ट्रॅक्टर आरंभीं 15 वर्षांकरितां नोंदला जातो व पुढें दर खेपेस 5 वर्षांकरितां नोंदणी नवी करून मिळते.

तेव्हां सर्व वाद येऊन ठेपतो तो अंगण कोणाचें ह्या प्रश्नावर. आणि येथें आमच्या सभासदांनींही जरा अंतर्मुख व्हावें. गांवठाणांतील कित्येक "अंगणें" हीं वस्तुतः रस्त्याचा भाग असतात. आजोबांनीं तेथें खुंटा ठोकला, वडिलांनीं छपरी घातली, आणि नातवानें ट्रॉली लावली. 24 एप्रिल 2020 पासून स्वामित्व योजनेखालीं गांवठाणांचें ड्रोनद्वारां मोजमाप सुरू झालें. आपल्या राज्यांत त्यापूर्वींच पुरंदर तालुक्यांतील सोनोरी येथें तसा प्रयोग झाला होता. ज्या गांवीं मिळकत पत्रिका मिळाल्या आहेत तेथें आवाज चढविण्याचें कारण उरलें नाहीं. पत्रिका काढावी, टेप धरावी, आणि यंत्राचें एखादें चाक रेषेबाहेर असेल तर तें त्याच दिवशीं मुकाट्यानें आंत घ्यावें. रात्रीं बाळंतिणीस नेणारी गाडी ज्याच्या मोडक्या जीपमुळें अडली, त्याची बाजू आम्ही घेणार नाहीं.

जागा आपली ठरली म्हणून सर्व प्रश्न मिटला असेंही नाहीं. उघड्यावर पडलेल्या टायरांत पावसाचें पाणी सांठतें, आणि डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडीस डांसास ह्याहून सोईची जागा क्वचित्‌च लाभते. अंड्यापासून डांस तयार होण्यास उष्ण हवेंत आठवडा ते दहा दिवस पुरतात. शिवाय त्याचीं अंडीं टायरच्या आंतील कडेस चिकटून कित्येक महिने कोरडीं राहूं शकतात व पुढच्या पावसाबरोबर फुटतात. म्हणजे पाणी नुसतें ओतून देणें पुरेसें नाहीं, आंतील कड घासलीही पाहिजे. तीच गोष्ट इंजिनांतील काळ्या तेलाची. आम्हीं असें एक आवार पाहिलें आहे कीं जेथें इंजिन विहिरीपासून दहा पावलांवर उघडलें होतें आणि तेल सरळ मातींत सोडलें होतें. त्याच विहिरीचें पाणी घरांत पिण्यास जात होतें. ह्या दोन्ही बाबतींत शेजाऱ्यानें तक्रार केली तर ती द्वेषमूलक समजूं नये, आणि पंचायतीनें आरोग्याच्या कारणानें हात घातला तर आमचें कांहींएक म्हणणें नाहीं.

परदेशांत ह्या प्रश्नाचा निकाल कसा लावतात हें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानच्या वाहन संहितेनें शहरांस असा अधिकार दिला आहे कीं मोडकें, सुटें केलेलें किंवा न चालणारें वाहन खाजगी जागेंतूनही उपद्रव म्हणून हलवावें. हा अधिकार आपल्या पंचायतीच्या अधिकाराहून पुष्कळच मोठा झाला. परंतु त्यासोबत बंधनेंही आहेत: साधारणतः 10 दिवसांची नोटीस द्यावी लागते, मालकानें मागितल्यास त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें लागतें, आणि बंदिस्त इमारतींत रस्त्यावरून न दिसणाऱ्या वाहनास हा नियम लागत नाहीं. जुनीं वाहनें जोडण्याचा छंद असणाऱ्यांनीं कुंपण किंवा झाडांच्या आड, आरोग्यास अपाय न होईल अशा रीतीनें तीं ठेवावींत अशी निराळी तरतूद आहे. तेथील नियमांत वाहन दृष्टीस पडतें कीं नाहीं ह्यास मोठें महत्त्व आहे. तो भाग आपण उचलूं नये. ज्या गांवांत दारोदार कडब्याची गंजी आणि शेणखताचा उकिरडा असावयाचाच, तेथें एकट्या ट्रॅक्टरच्या धडानें गांव विद्रूप होतें हा युक्तिवाद आम्हांस पटत नाहीं. पण नोटीस आणि सुनावणी ह्या दोन गोष्टी अवश्य घेण्यासारख्या आहेत.

एक गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे, कारण तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यानें लोक बुडाले आहेत. भागांकरितां आणलेला दुसरा ट्रॅक्टर पुन्हां कधींच चालावयाचा नसेल तर त्याची नोंदणी तशीच ठेवूं नये. कलम 55 प्रमाणें वाहन नष्ट अथवा कायमचें निकामी झाल्यास मालकानें 14 दिवसांत, अथवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी कार्यालयास कळवून नोंदणीपत्र परत पाठवावयाचें असतें. सांगाडा भंगारवाल्यास तोंडी व्यवहारानें देऊन मोकळें होणें फार धोक्याचें. उद्यां त्याच क्रमांकावर कोणी दुसरें वाहन चालविलें आणि अपघात झाला तर? सर्वोच्च न्यायालयानें 2018 सालीं स्पष्ट केलें आहे कीं नोंदणींत ज्याचें नांव आहे तोच भरपाईच्या कामीं मालक धरला जाईल, मग वाहन किती हातांतून गेलें असो. 2021 च्या नियमांनुसार नोंदलेल्या मोडणी केंद्रांत वाहन दिल्यास तसा दाखला मिळतो. तो जपून ठेवावा.

आमची सूचना अशी कीं प्रत्येक गांवच्या सभासदांनीं येत्या ग्रामसभेंत ह्या विषयाचा ठराव स्वतःहून मांडावा. पंचायतीनें नियम करीपर्यंत वाट पाहूं नये. रस्त्यावर व गटारावर कोणतेंही बंद वाहन असूं नये, ह्यास आपणच प्रथम संमति द्यावी. स्वतःच्या आवारांत दुरुस्तीस घेतलेलें यंत्र ठेवण्यास हरकत नसावी. मात्र टायर छपराखालीं, तेल डब्यांत, बॅटरी मुलांच्या हातास न लागेल अशा उंचीवर, आणि धड जॅकवर नव्हे तर भक्कम ओंडक्यांवर असावें. विटांची चवड तर कोणीच करूं नये. ती एकाएकीं फुटते. पंचायतीस यंत्र हलवावेंसें वाटलें तर तिनें कलम नमूद करून निदान एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी, पेरणी व सुगीचे दिवस त्यांतून वगळावे, आणि हलवितांना पंचांसमक्ष प्रत्येक सुट्या भागाची यादी करून एक प्रत मालकास द्यावी.

आरंभीं सांगितलेल्या सभासदाची गिअरपेटी परत मिळाली आहे. तिच्यांतील दोन चक्रें अद्याप मिळालेलीं नाहींत. एचएमटीचे जुने भाग कोणाजवळ पडून असल्यास त्यांनीं आमच्या कचेरीस कळवावें, म्हणजे आम्ही तें त्या गृहस्थांस कळवूं.